वाचक विचारतात : आधी फटी, मग जाडी

या महिन्याची पत्रं गारठ्यातून आली आहेत. लेह, एडमंटन, मिनिआपोलिस, आणि कोल्ड स्टोरेजच्या निमित्तानं नाशिकसुद्धा. प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण बऱ्याच पत्रांमागची तक्रार एकच आहे: इन्सुलेशनवर पैसे ओतले, तरी घर गार नाहीतर ओलं. हवा कुठून निसटते हे मात्र कुणी तपासलेलं नाही. उत्तरांत ‘यू’ हा आकडा पुन्हा पुन्हा येईल. आत-बाहेर १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटर भिंतीतून किंवा काचेतून किती वॅट उष्णता निघून जाते, तो हा आकडा. जितका लहान तितका चांगला. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न : लेहजवळच्या गावात आमच्या परिचयाचं कुटुंब होमस्टे चालवतं. हिवाळ्यातही पाहुणे ठेवता यावेत म्हणून दक्षिणेकडची ४ बाय ५ मीटरची खोली बुखारीशिवाय (धुराड्याच्या शेगडीशिवाय) उबदार करायची आहे. गवंडी म्हणतो ट्रॉम्ब भिंत (काचेमागची गडद भिंत) बांधा, नातेवाईक म्हणतात पुढे काचघर काढा, मुलगा म्हणतो मोठ्या खिडक्या बसवा. परवडेल एकच. कोणतं करावं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पहिला पैसा तिन्हींपैकी कशावरच घालू नका. आधी छप्पर आणि भिंत.

लेहची ४५ सेंटीमीटर जाडीची मातीच्या विटांची भिंत पाहिली की ती थंडी अडवत असेल असं वाटतं. ती ऊब साठवते, अडवत नाही. तिचा ‘यू’ साधारण १.२ येतो. आत १६ अंश आणि बाहेर उणे १० असताना अशा १० चौरस मीटर भिंतीतून जवळपास ३१० वॅट निघून जातात. बाहेरच्या अंगानं १० सेंटीमीटर थर्मोकोल लावला की तीच गळती ७०-७५ वॅटवर येते. थर्मोकोल नको असेल तर दुहेरी भिंत बांधता येते: बाहेर १५ सेंटीमीटरची वीट, मध्ये १० सेंटीमीटर पोकळी, आत ३० सेंटीमीटरची वीट. पोकळीत लाकडाचा कोरडा भुसा. भुसा थर्मोकोलच्या निम्म्याहून थोडं अधिक काम करतो, पण माल जवळचा आणि स्वस्त. तो दर ३० सेंटीमीटर उंचीला हलका दाबून भरायचा. नुसता ओतला तर वर्षा-दोन वर्षांत खाली बसतो आणि छताजवळचा पट्टा पोकळ राहतो, नेमका तिथे जिथे खोलीतली हवा सर्वांत गरम असते. म्हणून पोकळीचं तोंड वरून उघडून पुन्हा भरता येईल असं ठेवा.

थर्मोकोल आतून लावायची कल्पना कुणीतरी काढेलच, कारण ते सोपं पडतं. तसं केलं तर मातीची जाड भिंत थंडीच्या बाजूला जाते. दिवसा आलेलं ऊन साठवायला मग काही उरत नाही. खोली दुपारी उकडते आणि रात्री नऊला गार पडते.

छप्पर आपल्याकडच्या धाब्याच्या घराचं भावंडच. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या, गवत आणि माती. गवताचा थर किमान २० सेंटीमीटर करा, किंवा १० सेंटीमीटर थर्मोकोल. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीनं मातीचं छप्पर जोराच्या पावसात किती हतबल असतं ते लेहला दाखवलं, त्यामुळे मातीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा मोह होतो. अंथरा, पण एक लक्षात ठेवा. तो कागद थंड बाजूला आहे. खोलीतली दमट हवा काटक्यांमधून वर गेली तर कागदाच्या खालच्या अंगाला गोठेल आणि वसंतात गवत सडेल. उपाय साधा आहे: काटक्यांना खालून मातीचा सलग गिलावा करा, आणि तुळई भिंतीत शिरते त्या प्रत्येक जागी फट बुजवा.

एवढं झालं की मग ऊन. निरभ्र दिवशी लेहमध्ये दक्षिणेकडच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ५ युनिट ऊर्जा पडते. दुहेरी काचेतून त्यातली सुमारे साडेतीन आत येते. आतलं-बाहेरचं सरासरी अंतर २२ अंश धरलं तर तीच काच चोवीस तासांत दीड युनिट परत घालवते. निव्वळ जमा दोन युनिट. एकेरी काचेचा हिशेब सव्वाच्या आसपास थांबतो. उत्तरेकडची खिडकी, दुहेरी असली तरी, नेहमी तोट्यात. म्हणून उत्तरेला खिडकी ठेवायचीच झाली तर हातभर, उजेडापुरती.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे. निवड खोली कधी वापरायची यावर ठरते. घरातली माणसं दिवसभर बसतात त्या खोलीला मोठी खिडकी बरी: जमिनीच्या क्षेत्रफळाच्या २० ते २५ टक्के, म्हणजे तुमच्या खोलीत ४ ते ५ चौरस मीटर काच. पाहुणे दिवसा फिरायला जातात आणि रात्री झोपायला येतात. त्यांना ऊब रात्री हवी, आणि ते काम ट्रॉम्ब भिंत करते. फेलिक्स ट्रॉम्ब या फ्रेंच संशोधकानं १९६७ मध्ये पिरेनीजमधल्या ओडेयो इथं अशा भिंतीचं घर उभं केलं, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. गडद रंगाची भिंत, तिच्यापुढे १० ते १५ सेंटीमीटर अंतर सोडून काच. ३० सेंटीमीटरच्या मातीच्या भिंतीतून दुपारची ऊब आतल्या अंगाला पोचायला आठ-दहा तास लागतात, म्हणजे रात्री दहाच्या सुमारास. आमचा सल्ला: दक्षिणेच्या ५ मीटर रुंदीत दीड-दोन मीटर खिडकी, बाकी ट्रॉम्ब भिंत. या भिंतीला अर्थातच बाहेरून थर्मोकोल लावायचा नाही.

ट्रॉम्ब भिंतीला वर-खाली झरोके ठेवण्याची पद्धत आहे. गरम हवा वरच्या झरोक्यातून आत, गार हवा खालच्यातून बाहेर. रात्री हे चक्र उलटं फिरतं आणि काचेजवळ गार झालेली हवा खालच्या झरोक्यातून खोलीत उतरते. त्यासाठी पडदी असते. ती धुळीनं अडकते किंवा संध्याकाळी बंद करायची राहून जाते. झोपायच्या खोलीला झरोके ठेवूच नका. काच मात्र दुहेरीच हवी, नाहीतर साठवलेली ऊब रात्री बाहेरच्या दिशेनं जाते. एक तावदान उघडता येईल असं ठेवा, कारण लेहची धूळ आतून काचेवर बसते आणि ती पुसली नाही तर काम दरवर्षी थोडं थोडं घटतं. आणि खोलीच्या बाजूनं त्या भिंतीला कपाट, गालिचा, मोठी चित्रं लावू नका. ही भिंत म्हणजेच हीटर आहे.

काचघर, म्हणजे पॉप्लरच्या चौकटीवर ताणलेला अतिनील किरणांना टिकणारा प्लॅस्टिकचा कागद, सर्वांत स्वस्त. नोव्हेंबरात लावायचा, एप्रिलमध्ये गुंडाळून ठेवायचा. आत पालेभाजी होते. फे गावाजवळच्या सेकमोल या शैक्षणिक संस्थेच्या आवारात असे कागदी पडदे हिवाळ्यात इमारतींच्या दक्षिणेला लावतात. दोन गोष्टी चुकतात. ऊन उतरल्यावर मधलं दार उघडं राहतं आणि खोलीची ऊब काचघराला तापवत बसते. दुसरं, भाजीला घातलेल्या पाण्याची वाफ खोलीत येते आणि उत्तरेच्या गार कोपऱ्यात बुरशी धरते.

खिडकीवरच्या छज्जाचं गणितही करून टाकू. लेहला २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून ३२ अंशांवर असतो, २१ जूनला ७९ अंशांवर. ६० सेंटीमीटरचा छज्जा डिसेंबरात खाली जेमतेम ३८ सेंटीमीटर सावली पाडतो, जूनमध्ये तीन मीटरहून जास्त. म्हणून खिडकीचा माथा छज्जाखाली ३५-४० सेंटीमीटरवर ठेवला की हिवाळ्यात पूर्ण ऊन, उन्हाळ्यात पूर्ण सावली.

रात्रीचा पडदा जाड, गोधडीसारखा शिवलेला हवा. तो दोन्ही बाजूंना भिंतीला आणि खाली जमिनीला टेकला पाहिजे. खाली चार बोटं फट राहिली तर काचेजवळची गार हवा तिथून ओघळत राहते आणि पडदा नुसता शोभेचा ठरतो.

शेवटची गोष्ट पैशाची नाही, जिवाची. एवढ्या फटी बुजवल्यावर त्या खोलीत रॉकेलचा किंवा गॅसचा बिनधुराड्याचा हीटर कधीही नको. कोळशाची शेगडीही नको. बुखारी ठेवायचीच तर तिला बाहेरून हवा आणणारा स्वतंत्र पाइप द्या, धुराड्याभोवती थर्मोकोल येऊ देऊ नका (तिथे रॉकवूल), आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

प्रश्न : कॅनडात एडमंटनमध्ये आमचं लाकडी चौकटीचं घर आहे. जानेवारीत उणे ३० होतं, तेव्हा काही झालं नाही. फेब्रुवारीत दोन दिवस तापमान शून्याच्या वर गेलं आणि वरच्या मजल्याच्या छतावर पाण्याचे डाग उमटले. छप्परवाल्यानं दोनदा तपासलं, भोक सापडलं नाही. माळ्यावर आणखी हवेची जाळी बसवा म्हणतो. (एक वाचक)

उत्तर : छप्पर गळत नाहीये. माळ्यावर पाऊस पडला.

थंडीत घर धुराड्यासारखं वागतं. आतली हलकी हवा वर चढते आणि छताला वरच्या दिशेनं रेटते. दोन मजली घरात, आत २० आणि बाहेर उणे ३० असताना, हा रेटा छतापाशी सुमारे ७ पास्कल (पास्कल हे दाबाचं माप) भरतो. ऐकायला किरकोळ, पण दिवसरात्र, तीन महिने. प्रत्येक फटीतून दमट हवा माळ्यावर जाते आणि छपराच्या फळ्यांखाली, खिळ्यांच्या टोकांवर दंव होऊन गोठते. तापमान शून्यावर गेलं की सगळं एकदम वितळतं. कॅनडातल्या बांधकामशास्त्राच्या वर्गांत सांगतात तो हिशेब असा: जिप्सम बोर्डाच्या १.२ बाय २.४ मीटरच्या अखंड फळीतून पूर्ण हिवाळ्यात झिरपून तिसरा हिस्सा लिटर पाणी जातं. त्याच फळीला अडीच सेंटीमीटरचं चौकोनी भोक पाडलं की हवेबरोबर तीस लिटर.

पुढच्या थंडीत, वितळायच्या आधी, बॅटरी घेऊन माळ्यावर जा. पाय फक्त लाकडी तुळयांवर ठेवा. जिप्सम तुमचं वजन पेलणार नाही. घर १९९० पूर्वीचं असेल आणि इन्सुलेशन म्हणून चकाकणारे, अभ्रकासारखे खडे दिसले, तर हात न लावता खाली या. ते वर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. आधी नमुना तपासून घ्या.

दंव जिथे दाट, त्याच्या खालीच फट. इन्सुलेशन बाजूला करून बघा: जिथून हवा वर जाते तिथे ग्लासवूल काळवंडलेलं असतं, कारण ते गाळणीसारखी धूळ पकडतं. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत. न्हाणीघराच्या पंख्याचा निसटलेला पाइप (हा पहिला तपासा, तो वाफ थेट माळ्यावर सोडत असतो). छतात बसवलेले दिवे. सांडपाण्याच्या हवा-नळीभोवतीचं भोक. आतल्या भिंतींच्या माथ्यावर वायरसाठी पाडलेली छिद्रं. आणि माळ्याचं झाकण, ज्याला बहुतेक घरांत रबरी पट्टीच नसते.

बारीक छिद्रांना एकघटकी फोम, प्लॅस्टिक कागदाच्या जोडांना न वाळणारं अकूस्टिक सीलंट. गॅसच्या धातूच्या धुराड्याला फोम चालत नाही. तिथे पत्र्याची कॉलर आणि आगीला टिकणारं सीलंट लागतं, आणि धुराड्यापासून लाकूड व इन्सुलेशन किती दूर हवं ते त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं. झाकणाला पट्टी आणि ते घट्ट ओढून धरणाऱ्या कड्या बसवा, नुसतं वजनावर टेकवू नका. पंख्याचा पाइप कडक पत्र्याचा, इन्सुलेशन गुंडाळलेला आणि बाहेरच्या दिशेला उतार दिलेला असावा. लवचीक पाइप मध्ये झोळ धरतो, झोळात पाणी साठतं, ते पंख्यातून खाली टपकतं आणि मग पुन्हा छप्परवाल्याला बोलावलं जातं.

फटी संपल्यावरच वर सेल्युलोज (कागदाचा भुगा) फुंकून घ्या, ३५ ते ४० सेंटीमीटर. वळचणीपाशी, छपराची फळी आणि सेल्युलोज यांच्यामध्ये ५ सेंटीमीटरची वाट राहील असे पन्हळी पुठ्ठे किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवा. ते तोंड बुजलं तर माळा श्वास घेत नाही. हवेच्या जाळ्या छताच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या हिश्शाइतक्या असल्या की पुरे. आधी जाळी वाढवायचा सल्ला मानू नका, आणि माळ्यावर विजेचा पंखा तर मुळीच नको. तो फटींमधून घरातलीच हवा अधिक जोरानं वर ओढतो.

वळचणीला बर्फाचा बांध होत असेल, तर तोही याच गळतीचा. छप्पर मध्ये गरम, कडेला गार. वितळलेलं पाणी कडेला येऊन गोठतं आणि मागचं पाणी कौलांखाली शिरतं.

प्रश्न : मिनिआपोलिसला नवं घर घेतलं. त्यात उष्णता परत मिळवणारं हवा-यंत्र, एचआरव्ही, आहे. ते थंड हवा सोडतं आणि वीज खातं म्हणून आम्ही बंद ठेवलंय. काही बिघडेल का? शिवाय फोडणीचा वास जात नाही म्हणून मोठं चिमणीयंत्र बसवायचं आहे.

उत्तर : बिघडेल, आणि दुसऱ्या बेतामुळे जास्त बिघडेल.

१४० चौरस मीटरच्या, तीन शयनगृहांच्या घट्ट घराला सेकंदाला साधारण ३५ लिटर ताजी हवा लागते. चार माणसांचं घर श्वास, आंघोळ, स्वयंपाक, ओले कपडे मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत सोडतं. फटी नसलेल्या घरात ते कुठे जाणार? तेवढी हवा खिडकी उघडून घेतली तर बाहेर उणे २० असताना १७०० वॅट खर्ची पडतात. ७५ टक्के उष्णता परत मिळवणारं यंत्र हाच खर्च ४०० वॅटच्या आसपास आणतं, आणि त्याचे पंखे जुन्या पिवळ्या बल्बाइतकीच वीज घेतात. वाचवायचं म्हणून बंद करण्यासारखं ते यंत्र नाही.

थंड हवेची तक्रार खरी आहे. उणे २० ची हवा त्यातून बाहेर पडते ती साधारण १० अंशांची. म्हणून तिचं तोंड भिंतीवर उंच किंवा छतात, पलंगापासून दूर हवं. पलंगाच्या उशाशी असेल तर ते हलवून घ्या. हवा अजून गार लागत असेल तर आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी आहे का ते मोजून घ्या. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. बाहेरची हवा जास्त येत असेल तर ऊब पुरत नाही आणि गाभा (जिथे जाणारी हवा येणाऱ्या हवेला ऊब देते तो भाग) गोठतो, कारण दमट हवा तिथेच गार होते. बाहेर जाणारी जास्त असेल तर उरलेली हवा फटींमधून गारच आत ओढली जाते. यंत्र मधूनमधून काही मिनिटं आतलीच हवा फिरवून बर्फ वितळवतं, तेव्हा आवाज बदलतो. तो बिघाड नाही. गाळण्या दोन-तीन महिन्यांनी धुवा, गाभा वर्षातून एकदा. बाहेरची जाळी मात्र दर महिन्याला बघा. तिच्यावर दंव आणि कचरा साठला की यंत्र चालू असतं, पण हवा येत नाही, आणि घरात कुणाला कळतही नाही. खाली पाणी जाणाऱ्या नळीला वळसा देऊन त्यात पाणी भरून ठेवायचं असतं. ते वाळलं की नळीतून हवा ओढली जाते.

आता फोडणी. बाजारात मिळणारं मोठं चिमणीयंत्र सेकंदाला २८० लिटर हवा बाहेर फेकतं. घट्ट घरात तेवढी हवा येणार कुठून? ती पाणी तापवायच्या बंबाच्या धुराड्यातून उलटी येते, कार्बन मोनॉक्साइडसकट. नैसर्गिक ओढीवर चालणारं धुराडं उलटं फिरवायला ५ पास्कलचा फरकही पुरतो. सेकंदाला १०० ते १४० लिटरचं यंत्र घ्या, पण त्याची छत्री पुढच्या बर्नरपर्यंत आलेली हवी. फोडणी मागच्या बर्नरवर करा आणि पंखा तेल तापायच्या आधी लावा, मोहरी तडतडल्यावर नाही. मोठंच हवं असेल तर त्याच्याबरोबर उघडणारी, हवा तापवून आत घेणारी झडप बसवा, आणि बंब बंद ज्वलनाचा (जाळायची हवा बाहेरून घेणारा) करा. चिमणीचा पाइप एचआरव्हीला जोडायचा विचार मनात आला असेल तर सोडा. तेलकट चिकटा गाभ्यात बसला की तो धुऊन निघत नाही.

प्रश्न : मी नाशिकला स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बाष्परोधक थर पफ पॅनलच्या (फोमच्या पाट्यांच्या) बाहेर असतो असं शिकलो. कॅनडातल्या घरांत तोच प्लॅस्टिकचा थर आत, जिप्समच्या मागे असतो. कोणतं बरोबर? आणि अलास्कात तो भिंतीच्या मध्येच घालतात म्हणे.

उत्तर : तिन्ही बरोबर, कारण नियम ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असा नाही. थर उबदार बाजूला हवा. वाफ उबेकडून थंडीकडे निघते. तिला दवबिंदूच्या खालच्या तापमानाचा पृष्ठभाग भेटण्याआधी अडवायचं. नाशिकला उबदार बाजू बाहेर, म्हणून थर बाहेर. तिथे पॅनलच्या जोडातलं सीलंट फाटलं की जोडात पाणी धरतं, शीतगृह शून्याखाली चालत असेल तर बर्फ धरून पॅनल फुगतं. एडमंटनला उबदार बाजू आत, म्हणून ०.१५ मिलिमीटर जाडीचा कागद आत. कॅनडाचं रेखाचित्र डोळे मिटून मुंबईच्या वातानुकूलित इमारतीला लावलं तर भिंत आतून कुजेल.

अलास्कातली फेअरबँक्सची पद्धत आम्हाला सर्वांत हुशारीची वाटते. तिथल्या थंड हवामान गृहसंशोधन केंद्रानं ती रुजवली. चौकटीच्या बाहेरच्या प्लायवुडवर चिकटणारा रोधक पडदा, त्यावर फोमच्या पाट्या, त्यांवर पट्ट्या ठोकून बाहेरचं आवरण. अट एकच: एकूण उष्णतारोधाचा दोन-तृतीयांश हिस्सा पडद्याच्या बाहेर. गणित करून बघ. आत २०, बाहेर उणे २५. पडद्यापर्यंत एक-तृतीयांश उतार, म्हणजे १५ अंश. पडदा ५ अंशांवर. २० अंशांच्या हवेत ३५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ४ अंशांच्या आसपास. पाणी धरत नाही. आता पैसे वाचवायला फोम पातळ करून प्रमाण उलटं केलं, बाहेर एक-तृतीयांश: पडदा उणे १० वर. भिंतीच्या पोटात दंव. काही न करण्यापेक्षा वाईट, कारण आता तो पडदा भिंतीला बाहेर वाळूही देत नाही. ही पद्धत दुसरीकडेही भावते: पडद्याच्या आत वायरी आणि नळ हवे तसे फिरवता येतात, इलेक्ट्रिशियननं भोक पाडलं तरी तो पडदा शाबूत राहतो. कॅनडातला आतला कागद मात्र प्रत्येक स्विचबोर्डापाशी फाटलेला असतो.

फटींकडे दुर्लक्ष केल्याचा धडा अलास्काच्याच जुनोत मिळाला. फोमच्या सँडविच पॅनलची छपरं तिथे जोडांपाशी सडली. पॅनल उत्तम होते, जोड हवा सोडत होते.

घट्टपणा मोजायला दारात पंखा बसवून घरात ५० पास्कलचा फरक निर्माण करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते पाहतात. कॅनडाच्या आर-२००० मानकाला १.५ चालतं, जर्मन पॅसिव्ह हाउसला ०.६ लागतं. १९७७ मध्ये रेजायना शहरात उभारलेल्या सस्कॅचेवान कॉन्झर्वेशन हाउसनं ०.८ गाठलं होतं, त्याही काळात. ३० सेंटीमीटरच्या भिंती, उष्णता परत मिळवणारं यंत्र, भट्टी नाहीच. त्या घरातली महागडी सौर-यंत्रणा पुढे काढून टाकली गेली. भिंती आणि घट्टपणा काम करत राहिले. नव्या घरमालकांना झळकणारं यंत्र आधी हवं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

प्रश्न : दुहेरी काचेच्या नव्या खिडक्यांवर आतून पाणी ओघळतं. काच सदोष आहे का? (सॅस्काटून)

उत्तर : पाणी दोन काचांच्या मध्ये असेल तर सदोष, बदलून मागा. खोलीच्या बाजूला असेल तर नाही. साध्या दुहेरी काचेचा ‘यू’ २.८. आत २१, बाहेर उणे ३० असताना तिचा आतला पृष्ठभाग जेमतेम अडीच अंशांवर असतो, आणि खोलीत ३० टक्के आर्द्रता असली की पाणी धरतं. तिहेरी, लेपित काचेचा ‘यू’ १ धरला तर पृष्ठभाग १४ अंशांवर राहतो. तोवर ह्युमिडिफायर बंद करा, उणे ३० ला आर्द्रता २० ते २५ टक्क्यांवर आणा, कपडे घरात वाळवू नका आणि रात्री पडदा थोडा उघडा ठेवा. (हो, लेहच्या उत्तरात याच्या उलट सांगितलंय. तिथे खोली तापवणारी भट्टी नाही आणि हवा कोरडी आहे. तुमच्याकडे काचेला गरम हवा लागू देणं महत्त्वाचं.) पाणी फक्त खालच्या कडेला येत असेल तर दोन काचांमधली पट्टी अ‍ॅल्युमिनियमची आहे. पुढच्या वेळी ‘उबदार कडेची’ पट्टी मागा.

प्रश्न : एसी उलटा फिरवून घर तापवणारा हीट पंप उणे २५ ला चालतो का?

उत्तर : थंड प्रदेशासाठी बनवलेला चालतो. उणे १५ ला तो एका युनिट विजेत साधारण दोन युनिट उष्णता देतो. पुढे परतावा घटतो आणि क्षमताही घटते, नेमकी गरज वाढते तेव्हा. म्हणून विकत घेताना ७ अंशांचा झगमगीत आकडा वाचू नका, तुमच्या गावच्या किमान तापमानाचा आकडा मागा आणि सोबत दुसरी सोय ठेवा. बाहेरचं युनिट जमिनीवर नको, नेहमीच्या बर्फाच्या उंचीच्या वर, स्टँडवर. वळचणीच्या पागोळ्यांखाली तर नकोच: ते पाणी पंख्यावर गोठतं आणि पाती तुटतात. युनिट मधूनमधून स्वतःवरचं दंव वितळवतं, त्या पाण्याला वाट हवी, पायवाटेवर नाही.

प्रश्न : सायबेरियातल्या याकुत्स्कमधल्या इमारती खांबांवर का असतात? आपलं अंटार्क्टिकावरचं ‘भारती’ केंद्रही तसंच दिसतं. (शाळकरी वाचक, वास्को)

उत्तर : दिसतं तसंच, पण कारण वेगळं आहे.

याकुत्स्कखालची जमीन बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा दोनेक मीटर थर तेवढा वितळतो. घर जमिनीवर टेकवलं तर घराची ऊब खाली झिरपते, बर्फ वितळून चिखल होतो आणि एक कोपरा खचतो. म्हणून काँक्रीटचे खांब गोठलेल्या थरात खोल रोवतात आणि घराखाली मोकळी जागा सोडतात, जिच्यातून हिवाळ्याचा वारा जमीन पुन्हा गोठवतो. ही जागा कुणी फळ्या मारून बंद केली, तिथे बर्फाचा ढीग लोटला (बर्फ म्हणजे पांघरूणच) किंवा गरम पाण्याचा नळ गळू दिला, की खांब हलतात. अलास्काच्या तेलवाहिनीनं, जी १९७७ मध्ये सुरू झाली, एक पाऊल पुढे टाकलं: बऱ्याच खांबांत अमोनियाच्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात खालची ऊब घेऊन अमोनिया वाफ होऊन वर जातो, हवेत गार होऊन खाली ओघळतो. उन्हाळ्यात वर ऊब असते, म्हणून चक्र आपोआप थांबतं. वीज लागत नाही.

‘भारती’ लार्समन टेकड्यांच्या खडकावर आहे, तिथे चिखल व्हायची भीती नाही. भीती वाहून येणाऱ्या बर्फाची. खालून वारा मोकळा गेला की बर्फ इमारतीला अडून साठत नाही. आपलं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, बर्फाच्या थरावरच उभारलं होतं आणि काही वर्षांत ते बर्फाखाली गेलं. २०१२ मध्ये सुरू झालेली ‘भारती’ १३४ मालवाहू कंटेनर जोडून, त्यांवर इन्सुलेशनचं एकच सलग कवच चढवून बांधली आहे, आणि वीज करणाऱ्या जनरेटरची वाया जाणारी ऊब तिथे घर तापवायला वापरतात. तिचा कारभार तुझ्याच गावातून चालतो: वास्कोच्या हेडलँड सडावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्रातून.